शेंडा खुडण्याचा अधिकार

गेल्या भाद्रपदांत गणपतीसाठीं गांवीं गेलों असतां एक लहानसें दृश्य पाहण्यांत आलें, आणि तेव्हांपासून एका जुन्या प्रश्नानें माझ्या मनांत पुन्हां ठाण मांडलें आहे. आमचा गांव रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टींत, म्हसळ्यापासून दोन कोसांवर. दृश्य अगदीं साधें होतें. वाडींतील एका पोफळीपाशीं माझी वडील बहीण उभी होती. पोफळीला बिलगून आदल्या वर्षींच्या आषाढांत लावलेली मिरवेल तिच्या खांद्याइतकी वर चढली होती. पावसानें वेलीस भलताच जोम आला होता, आणि शेंड्याचें पोपटी पान नुकतेंच उलगडूं लागलें होतें. ताईनें तो शेंडा दोन बोटांत धरला, खालचीं पेरें एकवार निरखून पाहिलीं, आणि नखानें तो खुडून टाकला. लागलीच ती पुढच्या पोफळीकडे वळली.

“एवढी छान चढत होती, शेंडा कां खुडलास?” मीं विचारलें.

“चढत होती म्हणूनच,” ती म्हणाली. “अशीच सोडली तर नुसता दोर होतो. खालून फुटवे यायला हवेत.”

बागाइतीच्या दृष्टीनें हें उत्तर निर्विवाद आहे. परंतु गेलीं तीस वर्षें ज्याचा चरितार्थ तत्त्वज्ञान शिकविण्यावर चालला आहे, त्याला निर्विवाद उत्तरांपाशीं स्वस्थ बसवत नाहीं. जें वाढत आहे त्याची वाढ त्याच्याच हितासाठीं रोखण्याचा अधिकार दुसऱ्यास कोठून प्राप्त होतो? आईबाप मुलांच्या बाबतींत, शिक्षक विद्यार्थ्यांच्या बाबतींत आणि समाज व्यक्तीच्या बाबतींत हा अधिकार रोज गाजवीत असतात; आणि समर्थन मागितलें म्हणजे तिघेहि माळ्याकडे बोट दाखवितात. तेव्हां त्या माळ्याचीच साक्ष एकदां नीट तपासावी, असा या लेखाचा हेतु आहे.

उपमा देणारे पुष्कळ असतात. जिची उपमा द्यावयाची ती वस्तु जवळ जाऊन पाहणारे थोडे. म्हणून प्रथम वेलीची ओळख करून घेणें बरें. म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर हा टापू १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत मोडत असे. येथील वाड्यांत नारळ आणि पोफळ हीं मुख्य झाडें. मिरी हें त्यांच्या अंगाखांद्यावर वाढणारें पीक. मिरवेलीस तीन प्रकारच्या फांद्या येतात. पहिली चढती फांदी: तिच्या पेरापेरास बारीक मुळ्या फुटतात, आणि त्या आधाराच्या झाडास घट्ट धरून ती वर जाते. दुसरी आडवी फांदी: तिला आधार धरणाऱ्या मुळ्या नसतात, ती बाजूस पसरते, आणि पाऊस लागल्यावर मिऱ्यांचे तुरे याच फांदीवर येतात. तिसरी भुईसरपट फांदी: ती बुडाशीं फुटून जमिनीवर धांवत सुटते. तिला फळ धरत नाहीं. परंतु नव्या रोपांसाठीं तुकडे घ्यावयाचे ते बहुधा तिचेच घेतात.

येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. चढत्या किंवा भुईसरपट फांदीचा तुकडा लावला तर त्याची वेल होते. परंतु आडव्या फांदीचा तुकडा रुजवला तर त्याचें झुडूप होतें. तें कुंडींत मावतें, वर्षभरांत मिऱ्याहि देऊं लागतें, पण शेजारीं कितीहि उंच पोफळ उभी केली तरी तिच्यावर तें चढत नाहीं. मूळ वेल एकच, रस एकच, तरी कोणत्या जागीं कापलें यावरून पुढील सर्व आयुष्याची दिशा ठरून जाते.

आतां शेंड्याविषयीं. प्रत्येक पानाच्या बगलेंत एक कळी असते. तिला आपले बागाइतदार ‘डोळा’ म्हणतात. शेंडा जोमांत असेतों खालचे डोळे बहुधा मिटलेले राहतात. ते मेलेले नसतात. शेंड्यानें त्यांस दाबून ठेवलेलें असतें. थीमान आणि स्कूग या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३-३४ च्या सुमारास बाकल्याच्या रोपांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, शेंडा कापला आणि त्या जागीं ‘ऑक्सिन’ हें वाढीचें द्रव्य लावलें, तर शेंडा नसतांहि खालचे डोळे उघडत नाहींत. म्हणजे दाब शेंड्याच्या देहाचा नसून त्याच्यापासून खालीं उतरणाऱ्या द्रव्याचा होय. २००८ सालीं स्ट्रायगोलॅक्टोन नांवाच्या द्रव्यांचा फुटवे आवरण्यांतील भाग उघडकीस आला; आणि २०१४ सालीं वाटाण्याच्या रोपांवरून असें दिसून आलें कीं, शेंडा तुटतांच खालच्या डोळ्यांकडे साखरेचा ओघ वाढतो, आणि तीच त्यांस जाग येण्याची पहिली खूण असते. शेंडा आपल्याकडे ओढीत असलेला घांस मोकळा होतो, आणि तो खालच्यांच्या तोंडीं पडतो.

हें कळल्यावर ताईच्या नखास दोष देण्याची माझी घाई थोडी ओसरली. न खुडलेली वेल म्हणजे स्वतंत्र वेल, अशी जी एक भाबडी समजूत असते ती टिकत नाहीं. वेल खुडली नाहीं तर शेंड्याचें राज्य चालूं राहतें, आणि दहा डोळे त्याच्या राज्यांत मिटलेले राहतात. कांहींच न करणें हाहि एक पक्ष घेणेंच आहे. मिरीवरून जिला आपण नांव दिलें त्या मिरचीचें उदाहरण याहून बोलकें आहे. पोर्तुगीजांच्या मागोमाग परदेशांतून आलेल्या या रोपाचा शेंडा कोणी खुडला नाहीं तरी तो स्वतःच एका फुलांत संपतो. मग त्या फुलाच्या दोहों बाजूंनीं फांद्या फुटतात, आणि त्यांचेंहि पुढें तेंच होतें. कित्येक शेतकरी तें पहिलें फूलच काढून टाकतात, म्हणजे रोप आधीं अंगानें भरतें. सारांश, कोठें तरी थांबणें आणि त्या थांबण्यांतून पसरणें हें वनस्पतीच्या प्रकृतीला परकें नाहीं.

इतकें मान्य करूनहि माळ्याच्या साक्षींत एक शब्द खटकतोच, आणि तो म्हणजे ‘हित’. वेल खुडली ती वेलीच्या हितासाठीं, असें आपण म्हणतों. वेलीचें हित तें कोणतें? सह्याद्रीच्या रानांत मिरवेल मोठमोठ्या वृक्षांवर उंच चढते. तिचीं फळें पिकून लाल होतात, पक्षी तीं खातात, आणि बीं दूरवर पडतें. आम्ही मात्र घोसांतील एकदोन दाणे लाल झाले कीं सगळा घोस उतरवितों आणि उन्हांत वाळवून काळा करतों. जें आम्हांस फळ, तें वेलीच्या दृष्टीनें मोडलेलें कार्य होय. आणि उंचीचें म्हणाल तर वेल किती वर जाऊं द्यावी हें शेवटीं आमच्या शिडीच्या लांबीवरून ठरतें. शिडी पोंचत नाहीं तेथील मिरी आम्हांस मिळत नाहीं, म्हणून ती वेलीस परवडत नाहीं असें आम्ही ठरवितों. यांत पाप आहे असें मी म्हणत नाहीं. वेल आम्हीं लावली, तिला खतपाणी आम्ही घालतों. परंतु हित आमचें आहे; तें वेलीच्या नांवें मांडणें हा हिशेबांतील घोटाळा आहे.

हाच घोटाळा माणसांच्या बाबतींत झाला म्हणजे त्याला नीतीचें स्वरूप येतें. मनुष्याला वनस्पतीची उपमा देण्याचा मोह मोठमोठ्यांस झाला आहे. कांटनें १७८४ सालच्या एका निबंधांत असें म्हटलें आहे कीं, रानांतील झाडें एकमेकांच्या हवेसाठीं व उजेडासाठीं झगडतात म्हणून सरळ वाढतात. एकटें मोकळें झाड वांकडेंतिकडें होतें. फ्रोबेलनें आपल्या बालशाळेस १८४० सालीं जें नांव दिलें त्याचा अर्थच मुलांचा बगीचा. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मनुष्यस्वभाव हा यंत्रासारखा नसून वृक्षासारखा आहे, त्याला सर्व बाजूंनीं वाढूं दिलें पाहिजे, असें प्रतिपादन केलें. आणि त्याच विचारांवर पोसलेल्या आगरकरांनीं मुलामुलींस एकच शिक्षण, तेंहि एकत्र द्यावें, असा आग्रह ‘सुधारकां’त धरला. या सर्वांचें म्हणणें एकमेकांहून भिन्न आहे. परंतु बगीचा, वृक्ष आणि रान यांचें वर्णन करतांना माळी कोठें उभा आहे, त्याची शिडी किती लांब आहे, हा प्रश्न उपमेच्या कडेलाच राहून जातो. तो मधोमध आणावयाचा तर मला आमच्या घरांत शिरलें पाहिजे.

१९८० सालच्या उन्हाळ्यांतील गोष्ट. कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड होण्यास अजून कांहीं महिने होते. ताई सातवी पास झाली होती. मी तिच्याहून तीन वर्षांनीं लहान, चौथींतून पांचवींत गेलों होतों. गांवची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठीं म्हसळ्यास चालत जावें लागे, आणि वाटेवरचा पऱ्ह्या पावसाळ्यांत उतरूं देत नसे. घरीं आईला हाताखालीं माणूस हवें होतें. वडिलांनीं हिशेब केला. पुढें एकाच्या शिक्षणापुरता पैसा होईल, दोघांच्या होणार नाहीं, असें त्यांस दिसलें. ताईची शाळा बंद झाली. “तिच्या हिताचंच आहे,” असें वडील शेजाऱ्यांस म्हणाल्याचें मला स्पष्ट आठवतें. पुण्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनीं मुलींची शाळा काढली त्याला तोंवर एकशें बत्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. आमच्याच कोंकणपट्टींतील मुरुडच्या कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें त्याला चौसष्ट. परंतु इतिहासाची शिडी आणि एखाद्या घरची शिडी यांची लांबी सारखी नसते.

वडील क्रूर नव्हते. ते ताईवर माझ्याहून अधिक माया करीत. त्यांनीं तिचा शेंडा खुडला तो रागानें नव्हे. आमच्या वाडींत रोज जसें करीत तसेंच अगदीं काळजीपूर्वक, दुसरा फुटवा जोमानें वाढावा म्हणून खुडला. तो दुसरा फुटवा म्हणजे मी. तीन वर्षांनीं म्हसळ्याच्या वाटेवर मी चालूं लागलों, आणि सकाळीं अंधारांत उठून मला भाकरी करून देणारी ताईच होती. अपूर्णांकांचा गुणाकार मला शाळेंत समजला नव्हता. तो चुलीपुढें राखेंत बोटानें आंकडे काढून तिनें समजावून दिला. पुढें मी पुण्यास गेलों, पदवीधर झालों, प्राध्यापक झालों. ताईचें लग्न गांवांतच झालें; वडील थकल्यावर वाडी तीच पाहूं लागली, आणि आजहि पाहते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत वाडींतील निम्म्याहून अधिक पोफळी मोडून पडल्या, आणि त्यांच्यावरील वेली त्यांच्याबरोबर चिखलांत गेल्या. त्या वेळीं नुसता स्वतःचा नव्हे, तर चार शेजारणींच्या वाड्यांचाहि नुकसानीचा हिशेब ताईनें पंचनाम्यासाठीं करून दिला. तीन किलो हिरव्या मिऱ्यांची सुमारें एक किलो वाळलेली मिरी होते, हें प्रमाण तिच्या जिभेच्या टोकावर असतें.

आतां कोणी म्हणेल, “मग बिघडलें काय? बहीण सुखी आहे, कर्ती आहे, गांवांत तिला मान आहे. तिची कांहीं तक्रार आहे काय?” तक्रार नाहीं. कित्येक वर्षें मीहि याच उत्तरावर समाधान मानीत आलों. परंतु या युक्तिवादांत एक दोष आहे, आणि तो सूक्ष्म असल्यामुळें सहज दृष्टीस पडत नाहीं. ज्याची वाढ एका बाजूस वळविली, त्याचें मन, त्याच्या आवडी, त्याची सुखाची कल्पना हीं सर्व त्या वळणानंतरच घडलेलीं असतात. तो समाधानी आहे, याचा अर्थ एवढाच कीं जो झाला त्याला झालेलें आवडतें. जो होऊं शकला असता तो साक्षीस येऊं शकत नाहीं, कारण तो झालाच नाहीं. खुडलेल्या शेंड्याचा जबाब उरलेल्या वेलीकडून घेण्यासारखें हें आहे. शिक्षकाच्या धंद्यांत तर हा दोष पावलोपावलीं आढळतो. आपण ज्या विद्यार्थ्याला एखाद्या नादापासून परावृत्त केलें, तो वीस वर्षांनीं चांगल्या पदावरून भेटावयास येतो, पायां पडतो, आणि आपण त्याच्या कृतज्ञतेला आपल्या निर्णयाचा पुरावा समजतों. पुरावा तो नव्हे. न्यायाधीशाची नेमणूकच प्रतिवादीनें केलेली आहे.

यावर उलट आक्षेप असा येईल कीं, हें खरें मानलें तर मुलें वाढवितांच येणार नाहींत. मुलाला प्रत्येक क्षणीं कशापासून तरी वारावें लागतें, कशाकडे तरी वळवावें लागतें; आणि पुढें त्याला तें आवडलें तरी पुरावा नाहीं, न आवडलें तरी पुरावा नाहीं, तर मग न्याय करावयाचा कशावरून? आक्षेप योग्य आहे. माझें उत्तर असें कीं, न्याय फळावरून करतां येत नसेल तर खुडण्याच्या क्षणावरून करावा. ताईनें नख लावण्यापूर्वीं खालचीं पेरें निरखलीं, तें मला येथें महत्त्वाचें वाटतें. खालीं जिवंत डोळा आहे काय, हें पाहिल्याशिवाय जाणता माणूस शेंड्यास हात लावीत नाहीं. मुलाची एक वाट बंद करणारानें दुसरी कोणती वाट खरोखरच उघडी आहे, हें दाखविलें पाहिजे. ‘कांहीं तरी होईल’ एवढ्यावर भागणार नाहीं. दुसरें, हिशेब खऱ्या नांवावर मांडला पाहिजे. घरांत पैसा नाहीं म्हणून तुझी शाळा थांबवितों, असें म्हणणारा बाप दरिद्री असेल, पण खोटा नसेल. तुझ्याच हितासाठीं थांबवितों, असें म्हटलें कीं मुलीला आपल्या नुकसानीचें दुःख करण्याचाहि हक्क उरत नाहीं.

तिसरी गोष्ट मला आपल्या परंपरेंतून सुचते. गीतेच्या पंधराव्या अध्यायांत अश्वत्थाचें रूपक आहे, आणि तो वृक्ष असंगाच्या शस्त्रानें छेदावा असें सांगितलें आहे. हा अध्याय लहानपणीं जेवणापूर्वीं म्हणण्याची आमच्याकडे चाल होती, त्यामुळें तो पाठ आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट पन्नाशीनंतर लक्षांत आली. तेथें छेदणारा आणि ज्याचा वृक्ष तो, हे दोघे एकच आहेत. स्वतःच्या वासनेची फांदी छाटणें हा संयम; दुसऱ्याच्या आकांक्षेची फांदी आपल्या गरजेसाठीं छाटून तिला संयमाचें नांव देणें ही आपल्या घराघरांतून चालत आलेली सोय आहे. आणि या सोयीचा कोयता बहुधा मुलींवरच चालला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

येथपर्यंतचा सर्व विचार मीं भाद्रपद ते फाल्गुन या अवधींत पुण्यास बसून केला, आणि तो करतांना माझ्या मनाची एक गुप्त सोय मींहि ठेवली होती. १९८० सालीं मी दहा वर्षांचा होतों. खुडणारा मी नव्हे. माझ्या वांट्यास आला तो केवळ रस. तेव्हां दोष माझा नाहीं, फार तर ऋण आहे, असें मीं ठरविलें होतें. शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितलें. बहिणीचें ऋण सांगावयाचें राहून गेलें, असें एक वाक्यहि लेखासाठीं तयार होतें. परंतु लेख लिहावयास बसलों आणि एक कागद आठवला.

वडील २००८ सालीं वारले. त्यापूर्वीं तीन वर्षें, ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदु उत्तराधिकार कायद्यांतील दुरुस्ती अमलांत येऊन वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला होता. तो हक्क त्या दिवशीं वडील हयात होते कीं नव्हते यावर अवलंबून नाहीं, असा निर्वाळा पुढें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि दिला. आमच्याकडे काय झालें? महाराष्ट्रांत हजारों घरांत जें होतें तेंच. हक्कसोडपत्र तयार झालें. मीं तें ताईपुढें ठेवलें. तिनें दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाऊन सही केली, आणि येतांना माझ्या मुलांसाठीं खाऊ घेतला. सात-बारावर माझें एकट्याचें नांव लागलें. वाडी ती पाहते, उत्पन्न आम्ही वांटून घेतों, यांत कोणालाहि गैर दिसलें नाहीं. त्या वेळीं मी अडतीस वर्षांचा होतों, आणि वर्गांत मिल्ल शिकवीत होतों.

या फाल्गुनांत शिमग्यास गेलों तो मनाशीं निश्चय करूनच. ताई पोफळींच्या बुडाशीं बसून भुईसरपट फांद्या कापीत होती. या फांद्या मोकाट सोडल्या तर वेलीचा जोम जमिनीवरच सांडतो. म्हणून त्या कापावयाच्या. पण ती त्या फेंकीत नव्हती. दोन-दोन तीन-तीन पेरांचे तुकडे करून मातीनें भरलेल्या पिशव्यांत लावीत होती. पावसाच्या तोंडाला त्यांचीं रोपें व्हावयाचीं होतीं. मीं तिच्याजवळ बसून विषय काढला. अर्धी वाडी तुझ्या नांवें करावयाची आहे, बक्षीसपत्र करूं, असें सांगितलें.

“बक्षीस?” ती हंसली. “माझंच मला बक्षीस?”

मीं कायद्याच्या भाषेंत तो शब्दच तसा आहे, असें कांहींसें पुटपुटलों. मग जें इतके महिने मनांत घोळत होतें तें बोलून टाकलें: वडिलांनीं तुझा शेंडा खुडला आणि त्या रसावर मी वाढलों, वगैरे. ताईनें हातांतील कोयती खालीं ठेवली.

“तुम्हां मास्तरांना उपमा फार लागतात,” ती म्हणाली. “मी काय वेल आहें? वेलीला विचारतां येत नाहीं, म्हणून न विचारतां खुडतों. मला विचारतां आलं असतं. आप्पांनीं विचारलं असतं तर मी कदाचित् हो म्हटलंहि असतं. घरची स्थिति मला दिसत होती कीं. कागदाच्या वेळीं तूंहि विचारलं नाहींस.”

तीस वर्षें ज्या प्रश्नाभोंवतीं मी ग्रंथांचीं पानें उलटीत होतों, त्याचें उत्तर इतकें जवळ होतें. माळ्याच्या अधिकाराचा सगळा आधार वेलीच्या मौनांत आहे. वेल बोलत नाहीं म्हणून तिच्या वतीनें बोलणें क्षम्य. माणसाच्या पोटीं जन्मलेलें जीव मात्र चार-पांच वर्षांचें झालें कीं बोलूं लागतें, आणि बारा-तेरा वर्षांचें झालें कीं घरच्या अडचणीहि समजूं लागतें. त्याला विचारूनहि नकार द्यावा लागेल. पुष्कळदां द्यावाच लागतो. परंतु विचारून दिलेला नकार त्याच्या वाट्याला अडचण म्हणून येतो. न विचारतां दिलेला नकार, त्याला विचारण्यासारखें कांहीं नव्हतेंच, अशा निकालासारखा येतो. पहिल्यांत शाळा जाते. दुसऱ्यांत शाळेबरोबर आणखीहि कांहीं जातें, आणि तें सात-बारावर नांव चढवून भरून येत नाहीं. वडिलांची चूक त्यांच्या दारिद्र्यांत नव्हती. माझी तर दारिद्र्याचीहि सबब नव्हती.

मग मीं विचारलें. पंचेचाळीस वर्षें उशीर झाला होता. तरी विचारलें कीं, तेव्हां तुला पुढें शिकून काय व्हावयाचें होतें?

“व्हायचं कांहीं नव्हतं,” ती म्हणाली. “आठवींत बीजगणित असतं असं गुरुजी म्हणाले होते. तें काय असतं तेवढं बघायचं होतं.”

त्या संध्याकाळीं पडवींत बसून, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर, मीं तिला समीकरण म्हणजे काय तें सांगूं लागलों. माझें गणित गंजलेलें. म्हणून उदाहरणें मिऱ्यांचींच घेतलीं. इतक्या किलो वाळलेल्या मिऱ्या हव्या असतील तर हिरव्या किती उतराव्या लागतील, ती न कळलेली रक्कम ‘क्ष’ मानूं, असें म्हणालों. ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. “एवढंच होय?” ती म्हणाली. “हें तर मी रोज करतें. नांव नव्हतं इतकंच.” त्या ‘एवढंच होय’मध्यें विनोद किती आणि दुसरें कांहीं किती, हें मला ओळखतां आलें नाहीं. नंतर तिनें कागद माझ्याकडे सरकविला आणि म्हणाली, “पुढचं सांग.”

दस्त चैत्रांत झाला. कायद्यानें त्याला बक्षीसपत्रच म्हणतात. आम्ही दोघेंहि तो शब्द घरांत उच्चारीत नाहीं. पुण्यास परतल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आठवीच्या बीजगणिताचें एक पुस्तक घेऊन मीं तिला पाठविलें. परवां तिचा निरोप आला कीं, दुसऱ्या प्रकरणांतील सातव्या उदाहरणाचें उत्तर पुस्तकाच्या मागें दिलें आहे त्याच्याशीं जुळत नाहीं, आणि चूक पुस्तकाची आहे. मीं दोनदां करून पाहिलें. तिचें बरोबर आहे.